डिकीतलं ओझं

“डिकीतलं ओझं कमी करा, ॲव्हरेज वाढेल,” गॅरेजवाला म्हणाला. घरी येताच ह्यांनी आमच्या म्हाताऱ्या गाडीची डिकी उपसायला घेतली. पेन्शनीत पेट्रोल परवडेना, म्हणून आमचं रविवारचं घाटात जाणं कधीच बंद पडलं होतं.

‘लागतील कधीतरी’ म्हणत वर्षानुवर्षं फिरवलेल्या बाथरूमच्या फरश्या निघाल्या. मी किती वेळा सांगितलं होतं! गॅरेजवाल्याचं मात्र लगेच पटलं. तळाशी घाटात चहा करायचा स्टोव्ह आणि किटली होती. मी दोन्ही उचलून घरात निघाले.

“अगं, ते कुठं नेतेस?”

“ओझंच ना तेही?”

ह्यांनी स्टोव्ह माझ्या हातातून घेऊन रिकाम्या डिकीत नीट ठेवला. “याच्यासाठी तर बाकीचं उतरवलं.”

मी किटली पुढे केली. “आलं संपलंय. वाटेत घेऊ.”