ढब्बूसाठी बिनहाडाचं

कल्पना करा, तुमची उंची दुकानाच्या काउंटरपेक्षा जेमतेम चार बोटं जास्त आहे, मुठीत घामेजलेली एकच नोट आहे आणि दुकानदार विचारतोय, "कुत्रा केवढा आहे गं तुझा?"

बिट्टीला नेमकं हेच विचारलं गेलं होतं.

"माझ्याएवढं पोट धरा," ती म्हणाली.

"म्हणजे बोका आहे की कुत्रा?" दुकानदार हसला आणि त्याने एक चकचकीत पाकीट पुढे सरकवलं. पाकिटावरचा कुत्रा बिट्टीपेक्षा नीट विंचरलेला होता. तिची नोट त्या पाकिटाच्या पासंगालाही पुरली नसती. मग दुकानदाराने कोपऱ्यातलं उघडं पोतं दाखवलं. त्यात तपकिरी गोळ्या होत्या. बिट्टीने वाकून वास घेतला, एक गोळी उचलली आणि दाढेखाली धरली.

"अगं, ते कुत्र्याचं खाणं आहे."

"म्हणूनच बघतेय. हे खाऊन पोट बिघडलं तर?"

"अजून एकाही कुत्र्याने तक्रार केलेली नाही."

"ती कशी करतील? काका, यात किडे फिरतायत."

"बरंच की, फुकटात मांस मिळेल त्याला," दुकानदार म्हणाला. पण पोत्याचं तोंड मात्र त्याने लगेच आवळलं.

बिट्टी बाहेर पडली. रिकाम्या हाताने घरी जाणं परवडणारं नव्हतं, कारण घरी आजोबा कालपासून उपाशी होते.

आजोबा एका वसतिगृहात आयुष्यभर स्वयंपाकी होते. शेकडो ताटं वाढून झाल्याशिवाय स्वतः घास घ्यायचा नाही, ही तिथली सवय. काम सुटलं, तशी शेकडो ताटांच्या जागी ढब्बू कुत्र्याची एक वाटी आली. टेबलाखालून चपचप ऐकू आली, वाटी चाटूनपुसून साफ झाली, की मगच आजोबा आपल्या ताटाला हात लावत. मुक्या जिवाच्या आधी जेवणारा माणूस चोर, असं ते म्हणत. काल वाटी तशीच राहिली आणि आजोबांनी ताट सरकवलं.

एरवी एका दिवसाच्या उपासाने काही बिघडलं नसतं. पण आजोबांच्या डोळ्यांचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. दोन्ही डोळ्यांवर पट्टी होती. औषध उपाशीपोटी घ्यायचं नाही आणि चुकवायचं तर मुळीच नाही, नाहीतर दृष्टी गेलीच म्हणून समजा, असं डॉक्टरीणबाईंनी आईला बजावलं होतं. डोळ्यांना पाणी लागता कामा नये, बाहेरचंही नाही आणि आतलंही नाही, असंही त्या म्हणाल्या होत्या.

"रुसलाय तो," आजोबा सकाळी म्हणाले होते. "बहिरा झालाय, त्यामुळे समजूत तरी कशी घालणार? बिट्टे, तूच जा. काहीतरी वेगळं आण त्याला." उशीखालून त्यांनी चाचपून नोट काढून दिली होती.

कोंबडीवाला दुकान धूत होता. बिट्टीने त्याच्याकडे कुत्र्यासाठी काहीतरी मागितलं.

"माना घेऊन जा की," तो म्हणाला. "पंजे देतो. स्वस्तात पोतंभर."

"बिनहाडाचं हवं."

"कुत्र्याला बिनहाडाचं? लाडोबाच दिसतोय."

"घशात अडकलं तर?"

"तेही खरं. शिजवलेलं हाड वाईटच, त्याच्या काचा होतात." त्याने फळीवरचे तुकडे गोळा केले. "हे घे. कालचं आहे, पण कुत्र्याला चालतं."

"आजचं द्या. माणसाला चालेल असं."

कोंबडीवाल्याने तिच्याकडे पाहिलं, नोटेकडे पाहिलं आणि आजच्या मांसाचे कडेचे तुकडे कागदात बांधले. "भातात उकडून घाल. कांदा-लसूण अजिबात नको, विष असतं त्यांना. मीठही नको."

"जरासुद्धा नको?"

"का गं? तुझ्या जिभेचे चोचले त्याला कशाला?"

बिट्टी पुडकं घेऊन निघाली. मीठ नसलेला भात कसा लागतो, ते ती चालता चालता आठवून पाहत होती.

घरी आईने तुकडे भातात घालून शिजवले. पातेल्यावर झाकण ठेवताना ती हळूच म्हणाली, "जमेल ना तुला? मला त्यांच्याजवळ बसावं लागेल. क्षणभर हलले तरी हाका मारतात."

"जमेल," बिट्टी म्हणाली.

"नाहीतर राहू दे. काहीतरी सांगू त्यांना."

"काय सांगणार?"

आईने झाकण काढलं. तिने वाटी भरून बिट्टीच्या हातात दिली.

आजोबांनी आधी वाटी नाकाशी नेली. मग बोट बुडवून जिभेला लावलं. इतकी वर्षं झाली तरी त्यांची जीभ मिठाचा कण ओळखत असे.

"वा. अळणी आहे, लसूण नाही, हाड नाही. कोणी शिकवलं गं?"

"कोंबडीवाल्या काकांनी."

"गुणाची माझी बाय. ठेव आता खाली आणि त्याला हात लावू नकोस. खाताना कोणी जवळ गेलेलं साहेबांना खपत नाही."

आई त्यांच्याशेजारी बसली. तिच्या मांडीवर ताट होतं, मुठीत गोळी. आजोबांनी तिचा हात धरला आणि कान टेबलाकडे वळवला. खोलीत कोणी हललं नाही.

"येतोय का?" त्यांनी कुजबुजत विचारलं.

"येतोय," आई म्हणाली.

बिट्टी वाटी घेऊन टेबलाखाली शिरली. तिथे ढब्बूचा रिकामा गळपट्टा तेवढा होता, दुसरं कोणी नव्हतं. तिने दोन्ही हात फरशीवर टेकले, वाटीत तोंड घातलं आणि आजोबांना नीट ऐकू जाईल अशी चपचप करत खायला लागली.