पाचवा फाउल

"दिसेल ते बोलावं, बोललं ते पाळावं." धुणं पिळता पिळता आई म्हणायची. तिचा तो ओला, एका लयीतला आवाज लॉकर रिकामं करताना पंचाच्या कानात घुमत होता.

उद्या बास्केटबॉलची फायनल, आणि त्यात तो नव्हता. हा पंच आमच्या संघावर डूख धरून आहे, अशी तक्रार फायनलमधल्या एका संघाच्या प्रशिक्षकानं समितीकडे केली होती. त्याचं म्हणणं, प्लेऑफच्या तिन्ही सामन्यांत यानं आमच्या कप्तानाला पाच-पाच फाउल देऊन बाहेर काढलं. समितीनं चित्रण पाहिलं. फाउल खरंच फुसके होते.

तेव्हापासून गल्ली बदलली होती. घराच्या भिंतीवर कुणी रंगानं 'विकला गेला' लिहून गेलं. भाजीवाला वांगी तोलताना म्हणाला, "हात लागला तर फाउल नका देऊ हं साहेब!" हसले सगळे. त्या हसण्यात धार होती.

दार वाजलं. प्रशिक्षक आत आला आणि त्यानं कडी लावली. कप्तान त्याचाच मुलगा.

"आवरलं का, पंच?"

"आवरतोय."

"माझ्या पोराशी कसलं वैर हो तुमचं?"

पंच मोज्यांची घडी करत राहिला.

"बोला की! शिट्टी तेवढी खणखणीत, आणि तोंडात मिठाची गुळणी."

"उद्या किती वेळ खेळवणार त्याला?"

"शेवटच्या घंटेपर्यंत. आता बसवणारं कोण आहे?"

पंचाचे हात थांबले. पहिल्या सामन्यात फ्री थ्रोसाठी त्यानं कप्तानाच्या हाती चेंडू दिला, तेव्हा भर उकाड्यात त्या पोराची बोटं गार लागली होती. ओठ शाई प्यायल्यासारखे निळे.

"काका, छातीत कळ येते हो," पोर पुटपुटलं होतं. "कुणाला बोलाल तर माझी शप्पथ. फायनल झाली की दाखवतो डॉक्टरला."

पंचानं मान डोलावली होती. आणि लगेच, नुसता कोपर घासला एवढ्यावर, शिट्टी फुंकली होती. पाचव्या फाउलला शब्दही राहिला, पोरही बाकावर बसलं.

उद्या ती शिट्टी नव्हती.

"ऐका," पंच म्हणाला. स्वतःचाच आवाज त्याला परका वाटला. "शप्पथ मोडतोय. पोराचं काळीज साथ देत नाहीये. धावला की ओठ निळे पडतात. हो, मी खोटे फाउल दिले. मला जन्माची बंदी घाला, भिंतीवर काय हवं ते लिहा. पण तुम्ही बाप आहात. उद्या त्याला उतरवू नका. हात जोडतो."

प्रशिक्षकानं त्या जोडलेल्या हातांकडे पाहिलं. मग त्यानं कडी काढली.

"वर्ष झालं मला कळून," तो हळूच म्हणाला. "तुम्ही त्याला का बसवता, तेही पहिल्याच सामन्यात कळलं. म्हणून तर तक्रार केली."