रविवारची आंघोळ

थप्पड बसली आणि म्हातारा गप्प झाला. ओल्या गालावर चार बोटं उमटली. इंद्रभाननं हात मागे घेतला, पण तो कुठे ठेवावा हेच त्याला कळेना.

जानराव अंगणातल्या दगडावर बसला होता. कमरेला पंचा, अंगभर साबणाचा फेस. बहात्तरच्या दुष्काळात तो गुरांची नावं विसरला, पुढल्या वर्षी सुनेचं, आणि आता पोटच्या पोराला, इंद्रभानलाच, चोर म्हणत होता. आज पाणी अंगावर पडताच त्यानं तांब्या हिसकून भिंतीवर फेकला होता.

"राहू द्या. त्याईचं तोंड मले धुऊ द्या," मागून आवाज आला.

लिलाबाई सिस्टर उभ्या होत्या. म्हाताऱ्याच्या टाचेची जखम बांधायला त्या दर रविवारी इंझोरीला यायच्या. कधी आल्या, किती पाहिलं, कोण जाणे. त्यांनी पिशवी खाली ठेवली, म्हाताऱ्याच्या डोळ्यांतला फेस पुसला आणि पायाशी बसून पट्टी सोडायला लागल्या.

"मारायची कितवी खेप ही?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"तिसरी." इंद्रभान खाली बसला. "पंधरा वर्सं झाले मले मास्तर होऊन. शाळेत एका पोट्ट्याले हात नाई लावला, बाई. अन् घरी बापाले मारतो. माह्यासारखा नीच मानूस नसन."

"सारा मानूस नीच नसते, गुरुजी." त्यांनी जखमेवर कापूस फिरवला. म्हाताऱ्यानं पाय ओढला, त्यांनी हळूच परत घेतला. "मी नागपूरले होती तवा, वेड्याच्या दवाखान्यात. अकरा वर्सं. तिथं एक डॉक्टर होते. तू काहून मारलं, असं ते कोनाले इचारत नव्हते. तुह्यातलं कोन मारते, असं इचारत."

"म्हंजे भूत?"

"भूत कायचं? आपलंच असते. एका घरात चार जन राह्यते ना, तसं. एक जन पानी तापवते, एक शाळेत जाते, एक मारते. तो मारनारा केवढा हाय?"

इंद्रभानला हे खुळ्यासारखं वाटलं. पण तो पहाटेपासून उठलेला होता, दोनदा अंथरूण धुऊन झालं होतं, बायको कापूस वेचायला गेली होती आणि वाद घालायची ताकद अंगात नव्हती. त्यानं डोळे मिटले.

"नऊ वर्साचा," तो म्हणाला, आणि स्वतःच दचकला.

"कुठं हाय तो?"

"गोठ्यात. शाळा बुडवून नदीवर गेल्ता." त्याचा आवाज बारीक झाला. "बाबाच्या हातात बैलाचं दावं हाय. शिकशीन का नाई, शिकशीन का नाई, म्हनत मारून राह्यले. त्यानंच मी शिकलो, बाई. सारे म्हनतात, मारलं म्हून मास्तर झाला. मी बी म्हनतो."

"तो बी म्हनते काय?"

इंद्रभाननं डोळे उघडले आणि गोठ्याकडे पाहिलं.

"त्याले काय पायजे?"

"माईत नाई."

"बरं." लिलाबाईंनी नवी पट्टी गुंडाळून गाठ मारली. "त्याले हाकलू नोका. हाकललं का तो दुसऱ्या दारानं येते. त्याले म्हना, आंघोळ मी घालतो, हे तुहं काम नोय. तू बस." मग जरा थांबून त्या म्हणाल्या, "अन् त्या पानी तापवनाऱ्याची बी चौकशी करा. थकला असन तो."

"तो मेला, बाई."

"मेला असता तं पानी तापलं नसतं," लिलाबाई म्हणाल्या. त्यांनी पट्टीवर मेणकापड बांधलं, पिशवी उचलली आणि पुढच्या घराकडे निघाल्या.

इंद्रभाननं चेपलेला तांब्या शोधून आणला. पाणी कोमट झालं होतं. त्यानं आधी गुडघ्यावर ओतलं, मग खांद्यावर. म्हातारा किंचाळला, "चोर! चोर आला!" आणि त्यानं इंद्रभानचे केस दोन्ही मुठींत धरून ओढले.

हात वर गेला. अर्ध्यावर थांबला.

"तू बस," इंद्रभान पुटपुटला. "बस तू. मी हाओ."

हात खाली आला तो सरळ तांब्यावर. केसांतल्या मुठी त्यानं एकेक बोट करून सोडवल्या. ओल्या जमिनीवर तो बापासमोर उकिडवा बसला आणि रडायला लागला. मास्तरांसारखं नाही, तोंड उघडं टाकून, हुंदके देत, नाक गळेपर्यंत.

जानरावचं ओरडणं थांबलं. मान वाकडी करून तो बघत राहिला. ओळख काही पटली नसावी. मग त्यानं भिजलेला हात पुढे केला आणि इंद्रभानच्या डोक्यावर ठेवला.

"काहून रडून राह्यला रे? कोनं मारलं तुले?"

इंद्रभाननं ओल्या बाहीनं नाक पुसलं.

"तुह्या बापानं?"

"हो," इंद्रभान म्हणाला.

म्हाताऱ्यानं डोक्यावरचा हात खांद्यावर आणला.

"एवढुश्या लेकराले?" तो म्हणाला. "चाल. कुठं राह्यते तो, दाखव मले."

आणि अंगावरचा फेस तसाच ओघळत असताना, इंद्रभानच्या खांद्यावर सगळा भार टाकून, जानराव दगडावरून उठायला लागला.