दोन्ही बाजू

फौजेतले आबा आणि कोरेगावचं घर यांच्यात एकच कॅसेट फिरायची. आबांचं बोलणं ऐकून झालं की संयोगिता त्यावरच घरच्या गप्पा भरून पोस्टात टाकायची. या खेपेला उत्तराऐवजी आबा गेल्याची तार आली आणि मागोमाग त्यांची ट्रंक. ट्रंकेत जुनी कॅसेट होती, शेजारी एक नवीकोरी, कागदातली. त्यांनी चार शब्द तरी भरले असतील म्हणून तिनं जुनी लावली. "आबा, मामानं दोन कॅसेटींचा टेप आणलाय. आता तुमचं बोलणं आदी उतरवून घेणार, मगच पुसणार. आन दोन्ही बाजू मीच खाल्ल्यात, रागावू नका." तिचाच आवाज खिदळत राहिला. "त्यांचं कायच ऱ्हायलं न्हाई गं," आई म्हणाली. संयोगितानं कॅसेट बाहेर काढली. आवाज पुसला जाऊ नये म्हणून कडेचे दोन प्लास्टिकचे तुकडे मोडतात. आबांनी दोन्ही मोडले होते.