झाडलेली वाळू

गाडीच्या टपावर आडवा बांधलेला खराटा.

बिटाच्या कापांचं सँडविच. अर्धं खाल्लेलं. त्यावर माश्या.

सुरूच्या दोन झाडांमध्ये ताणलेली पिवळी दोरी.

सावलीत चव्वेचाळीस अंश.

"दोरीपलीकडे पाऊल टाकायचं नाही. टाकलंत तर संध्याकाळी सगळ्यांच्या फोटोत तुम्हीच." गाडीवाल्या डेसने उतरतानाच बजावलं होतं.

पाण्याची बाटली. गळ्यापर्यंत भरलेली. झाकणावर शाईने लिहिलेलं नाव : लायल.

लायल नाही.

डेसने पुन्हा हॉर्न दाबला. समोरची वाळूची टेकडी तशीच. तांबडी, गुळगुळीत, एकही पाऊल नसलेली. हेच टिपायला माणसं अ‍ॅलिस शहराहून इतक्या लांब त्याच्या गाडीतून येतात : जिच्यावरून कधी कोणी चाललंच नाही, अशी वाळू. ती तशी दिसावी म्हणून जेवणं उरकली की डेस दोरीपलीकडचा उतार खराट्याने झाडून काढतो. आजही काढला होता.

"तूच पुसलीस त्याची पावलं," ग्लेनिस म्हणाली. "माझा नवरा इथून गेला आणि तू मागून झाडत बसलास."

डेसच्याही मनात तेच होतं.

"जाताना काही बोलला का तो?"

"नाही."

"हातात काय होतं?"

"कॅमेरा. दुसरं काय असणार?"

सॅटेलाइट फोनवर पोलिसाचा आवाज तुटत तुटत आला. निघतोय. पण उजेडी पोचणं कठीण. ऐकू नीट येतं का त्याला? कमीच. वय? सत्तरीच्या पुढे. पाणी आहे बरोबर?

डेसने बाटलीकडे पाहिलं.

"नाही," तो म्हणाला.

अ‍ॅडलेडच्या कॅमेरा क्लबातले बाकीचे लोक रस्त्याच्या बाजूला हाका मारत गेले होते. एकटी मर्ल दोरीशी ट्रायपॉड लावून उभी होती. डोळा कॅमेऱ्याला. माश्यांची जाळी टोपीवर गुंडाळलेली.

"लाज नाही वाटत तुला?" ग्लेनिस म्हणाली.

"माझे गुडघे बघ. मी काय धावू? उभीच आहे तर उजेड कशाला वाया घालवू?" मर्लने डोळा काढला नाही. "सकाळी तुझ्या नवऱ्याने माझ्या फोटोत भलामोठा बूट उमटवला. त्याबद्दल मी एक शब्द बोलले का?"

"सकाळपासून तेवढंच बोलतेयस."

मर्लने बटण दाबलं. पडद्यावरचं चित्र पाहिलं. तोंड वाकडं केलं.

"डेस, आज तुझं झाडणं फसलंय. रेघा उठल्यात नुसत्या. पार माथ्यापर्यंत."

डेस हॉर्नवरचा हात काढून आला.

"माथ्यापर्यंत मी कधीच झाडत नाही."

तो पडद्यावर वाकला. ऊन आडवं झालं होतं. दुपारी जे डोळ्याला दिसलं नव्हतं, त्याची आता सावली पडली होती. त्याच्या खराट्याच्या रुंद, सरळ रेघा अर्ध्या उतारावर संपत होत्या. त्यांच्यावरून एक चिंचोळा पट्टा गेला होता. बारीक, वाकड्या रेघांचा. उतार चढून, माथा ओलांडून, पलीकडे. कोणीतरी वाकून, मागे मागे जात, स्वतःची वाट पुसत गेलं होतं.

"मी झाडलं त्यानंतर गेलाय तो," डेस म्हणाला. "आणि स्वतःच पुसत गेलाय."

ग्लेनिसने बाटली उचलली आणि सगळ्यांच्या आधी दोरी ओलांडली.

माथ्यापलीकडे दुसरी टेकडी, तिच्यापलीकडे तिसरी. सगळ्या एका साच्यातल्या. डेस खाली मान घालून चालला. पट्टा दिसायचा, हरवायचा, सूर्याकडे तोंड केलं की पुन्हा दिसायचा. सूर्य टेकला की तोही जाणार होता. मागून ग्लेनिस धापा टाकत येत होती. डेसने तिला दोनदा परत जायला सांगितलं. तिने ऐकलं नाही.

तिसऱ्या टेकडीच्या पायथ्याशी पट्ट्याने वळण घेतलं. मग दुसरं. मग मोठा वेडावाकडा वळसा. इथे लायल परतीची वाट शोधत होता. सापडत नव्हती. आणि तरीही पुसत होता.

सावल्या पसरल्या. रेघा विझल्या.

डेस थांबला. ग्लेनिस थांबली नाही. ती नुसती पुढे चालत राहिली, समोरच्या एका सुरूच्या दिशेने, कारण दुसरं काहीच तिथे नव्हतं.

लायल खोडाला टेकून बसला होता. शर्ट डोक्यावर. ओठ फाटलेले. कॅमेरा मांडीत. मुठीत सुरूची एक फांदी, शेंडे झिजून नुसती काडी उरलेली.

ग्लेनिसने बाटली त्याच्या तोंडाला लावली. पहिला घोट सांडला. दुसरा गेला. तिसऱ्यानंतर त्याने मान वर केली आणि तिच्या खांद्यावरून डेसकडे पाहिलं.

"कोणाच्या फोटोत तर नाही ना आलो?"

"नाही रे बाबा," डेस म्हणाला. "एकाच्याही नाही."

लायलने समाधानाने डोळे मिटले. ग्लेनिस त्याच्या मुठीतून फांदी काढायला गेली. बोटं आखडली होती. एकेक करून सोडवावी लागली.

ती फांदी दुपारी ग्लेनिसनेच मोडून त्याच्या हातात दिली होती.