दोन सीटांची गाडी

गाडीचं पोट स्पीडब्रेकरला घासलं आणि सयाजीनं दात आवळले. पुढची चाकं पलीकडं उतरली होती, मागची अजून अलीकडंच होती. गाडी मधल्यामधे टेकून बसली.

"उतर बरं जरा," तो बायकोला म्हणाला.

सयाजीचं आळेफाट्याला ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान होतं. विशीत कॅलेंडरवर बघितलेली लाल, बुटकी स्पोर्ट्स कार त्यानं अठ्ठेचाळिसाव्या वर्षी पुण्याहून जुनी उचलून आणली. चार महिन्यांत कौतुक संपलं आणि कटकटी उरल्या. तिच्यात खताची एक गोणी मावत नव्हती. ट्रकवाल्यांना ती आरशात दिसतच नसे. बाहेर पडायचं तर आधी जमिनीवर हात टेकावा लागे. कापडी छत पंधरा दिवसांपासून मागं अडकलं होतं, म्हणून जानेवारीच्या थंडीत उज्ज्वला कानाला शाल गुंडाळून बसायची. आणि दर स्पीडब्रेकरला तिनं खाली उतरायचं, म्हणजे गाडी दोन बोटं वर यायची.

राजुरीजवळच्या एका मळ्यातला साखरपुडा आटपून दोघं आतल्या रस्त्यानं निघाले होते. दिवस नुकताच मावळला होता. ऊस दोन्ही बाजूंनी पार डांबराला भिडला होता.

"हिच्यापरीस रिक्षा बरी," उज्ज्वला वाटभर बडबडत होती. "बसलं की लोकांचे गुडघे दिसत्यात नुसते."

तिनं दार उघडलं, पाय उचलला, खाली बघितलं. पाय तसाच राहिला. मग तिनं तो आत घेतला आणि दार ओढून घेतलं. इतकं हळू, की खटका वाजलासुद्धा नाही. तिनं मान वर केली. सयाजीकडं बघितलं आणि जागच्या जागी थिजली.

"काय झालं?"

ती हसली. नुसत्या ओठांनी.

"मी न्हाई उतरत."

आवाज गोड होता. बावीस वर्षांच्या संसारात तिचा असा आवाज त्यानं ऐकला नव्हता.

"अगं, खालून फाटंल. थांब, मीच उतरून बघतो कुठं टेकलीय ते."

दारावर टेकवलेला त्याचा कोपर तिनं अलगद आत ओढला. मग त्याची हनुवटी धरून तोंड आपल्याकडं वळवलं. तिची बोटं बर्फासारखी गार होती.

"माझ्याकडंच बघा. लई छान गाडी हाय तुमची. बसूनच राहावं वाटतंय. आता हळू पुढं घ्या. अगदी हळू."

सयाजीच्या अंगावर सरसरून काटा आला. समोर उज्ज्वलाच बसली होती, पण बोलत होती ती कुणी वेगळीच बाई वाटत होती. मागच्या वस्तीवर इतका वेळ भुंकणारी कुत्री गप्प झाली होती. कधी झाली, ते त्याला कळलं नव्हतं.

"सायलेन्सर तुटंल," तो पुटपुटला.

"तुटू द्या."

ती अजून हसत होती आणि तिच्या गालावरून पाणी ओघळत होतं. सयाजीनं क्लच सोडला. खालून पत्रा फाटल्यासारखा आवाज आला आणि गाडी धाडकन पलीकडं पडली.

"आता पळवा!"

लोंबणारा सायलेन्सर रस्त्यावर घासत, ठिणग्या उडवत गाडी पळाली. आळेफाट्याच्या पहिल्या हॉटेलसमोर, भरपूर दिव्यांत, सयाजीनं ती उभी केली. वळसा घालून त्यानं उज्ज्वलाचं दार उघडलं. काखेत हात घालून त्यानं तिला बाहेर काढलं आणि बाकड्यावर बसवलं. वेटरनं आणलेलं पाणी निम्मं तिच्या साडीवर सांडलं.

"बिबट्या व्हता," ती म्हणाली. आता आवाज तिचा होता. "तुमच्या मागं, उसाच्या कडंला. तुमच्या कोपरापासनं हातभर."

सयाजीनं नकळत कोपर धरला.

"आन् तू बोलली न्हाईस?"

"बोलले असते तर तुमी वळला असता."

तो तिच्याशेजारी मटकन बसला.

"म्हंजी मला धरायलाच आला व्हता," तो म्हणाला. "तू व्हतीस म्हणून वाचलो."

उज्ज्वलानं मान हलवली.

"धरायला न्हाई. मी दार उघडलं, तवा माझ्या पायाशी पिल्लू बसलं व्हतं. मांजराएवढं. त्याच्या आईला नुसतं त्याच्यापाशी यायचं व्हतं. मधी आपली गाडी व्हती."