सहावा आठवडा

"अगं मापवाली, बाहेर ये! ही पोर माझ्याच्याने आवरत नाही."

पडद्यापलीकडून काकांची हाक आली तशी मापवालीने काचा घासायचं मशीन बंद केलं. तोंडावरचा मास्क मात्र काढला नाही. काचेची धूळ उडते, हे आपलं सांगायला कारण.

पाच आठवड्यांपूर्वीपर्यंत ती या चष्म्याच्या दुकानात समोरच बसायची. गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावर एकदा नजर टाकली की नाकाची रुंदी, कानांमधलं अंतर, सगळं तिला कळायचं. पट्टी लावावी लागत नसे. म्हणून तर काकांनी, म्हणजे दुकानाच्या मालकांनी, तिचं नाव मापवाली ठेवलं होतं. मग गालांवर, कपाळावर, हनुवटीवर पुटकुळ्यांनी ठाण मांडलं, आणि दिवसभर लोकांच्या तोंडासमोर तोंड धरून बसणं तिला नकोसं झालं. तिने आपणहून मागची खोली मागून घेतली.

डॉक्टरीणबाईंनी एक क्रीम दिलं होतं. वाटाण्याएवढं घ्यायचं, कोरड्या चेहऱ्यावर पातळ लावायचं आणि बारा आठवडे दम धरायचा. "आधी बिघडेल, मग सुधारेल," असं त्यांनी बजावलं होतं. पण दम धरेल ती मापवाली कसली! पहिल्याच दिवशी तिने वाटाण्याचं लिंबू केलं. सकाळी चेहरा उकडलेल्या बिटासारखा. मग सालं निघायला लागली. पुटकुळ्या होत्या तिथेच, पण क्रीम लागून घरातल्या बाकी सगळ्या वस्तूंचा रंग उडाला. उशीचे अभ्रे, टॉवेल, धाकट्या भावाचा निळा शर्ट.

"ताई, पुटकुळ्या माझ्या शर्टाला झाल्या होत्या का गं?" भावाने विचारलं.

त्यात मावशीने टूथपेस्ट लावायचा सल्ला दिला, आणि आईने "पूर्वी किती छान कांती होती हो हिची" असा सुस्कारा सोडला. मापवालीचा पारा चढला. "या घरात माझ्या चेहऱ्याचं कुणी नावसुद्धा काढायचं नाही!" त्या दिवसापासून सगळे चिडीचूप. तीही वाद नको म्हणून क्रीम न्हाणीघरात दिवा न लावताच चोपडायची. कुठे काय आहे ते बोटांना पाठ झालं होतं.

बाहेर खुर्चीत शाळेच्या गणवेशातली एक मुलगी हाताची घडी घालून बसली होती. वय चौदाच्या आसपास. समोर फ्रेमांचा ढीग. शेजारी तिची आई, पार थकलेली.

"अडीच नंबर आहे हो. फळ्यावरचं दिसत नाही, गणितात नापास झाली. हे तिसरं दुकान. प्रत्येक फ्रेमला नाक मुरडते. आता तुम्हीच काय ते बघा." तेवढ्यात आईचा फोन वाजला आणि ती बाहेर गेली.

मापवाली मुलीसमोर बसली. तिच्या गालांवरही तेच. लाल, फुगलेलं, ताजं.

"फ्रेम आवडत नाहीत, की चष्माच नको?"

मुलगी दाराकडे बघत हळूच म्हणाली, "चष्मा नसला की आरशात सगळं धूसर दिसतं. धूसर बरं असतं."

मापवाली हसली नाही. तिने हात वर नेला आणि मास्क खाली ओढला. काका बघत होते, तरी ओढला.

मुलगी पुढे वाकली. सोललेल्या हनुवटीवर तिची नजर थांबली.

"कितवा आठवडा?"

"सहावा. तुझा?"

"दुसरा. आग होते."

"वाटाण्याएवढंच घेतेस ना?"

"थोडं जास्त."

"लिंबाएवढं?"

मुलगी फिस्सकन हसली. मापवालीने नंबर तपासायची जाडजूड गोल फ्रेम काढली, तिच्यात अडीचच्या काचा अडकवल्या आणि पुढे केली. "विकत घेऊ नकोस. नुसतं बघ."

मुलीने ती डोळ्यांवर चढवली. आधी रस्त्याकडे पाहिलं. "बाप रे, झाडाची पानं सुटी सुटी दिसतायत!" मग मोठा श्वास घेऊन ती टेबलावरच्या आरशाकडे वळली. ओठ हलत होते. ती मोजत होती.

"सतरा," ती म्हणाली. "मला वाटलं शंभर तरी असतील." मग तिने मान वर करून मापवालीकडे टक लावून पाहिलं. "तुमच्या गालांवर तर काहीच नाहीये."

"उगीच धीर देऊ नकोस मला."

"धीर कशाला देऊ? हनुवटी वाईटच आहे. कपाळावर तीन आहेत. पण गाल चक्क साफ झालेत."

मापवालीने गालावर बोटं फिरवली. "हे काय, खरखरीत लागतंय की."

"ती सालं आहेत. पिंपल कुठे आहेत? तुम्हाला दिसत नाहीत?"

"दिसायला आरशात बघावं लागतं," मापवालीच्या तोंडून निघून गेलं. "पाच आठवडे झाले, मी बघितलंच नाही."

मुलीने टेबलावरचा आरसा दोन्ही हातांनी उचलला आणि गर्रकन तिच्याकडे फिरवला.

"ताई, चष्मा मला लागलाय की तुम्हाला?"